फुलीचा इतिहास : काउंटरपॉइंटचा सराव कोणत्या कसोटीवर तपासायचा?

रेनेसाँ काळातल्या (सोळाव्या शतकाच्या आसपासच्या) युरोपीय शैलीत काउंटरपॉइंट लिहायचा, म्हणजे एका सुरावटीवर दुसरी स्वतंत्र सुरावट जुळवायची. लिहून झालं, वही तपासायला घेतली, की नजर आधी समांतर पंचम शोधते. दोन्ही आवाज पंचमाचं अंतर राखून एकाच दिशेने सरकले, की दुसरा पहिल्याची नुसती सावली उरतो. ही मनाई जुनीच. इटालियन संगीतशास्त्रज्ञ झार्लिनोच्या १५५८च्या ग्रंथातही ती आहे.

चुका करणारा विद्यार्थी मात्र पुस्तकात ठळकपणे भेटतो तो योहान योसेफ फुक्स याच्याकडे. व्हिएन्नाच्या शाही दरबारातला हा संगीतप्रमुख. त्याचं ‘ग्रादुस आद पार्नासुम’ १७२५ साली लॅटिनमध्ये निघालं. त्यात गुरू अलॉयसिउस म्हणजे पालेस्त्रिना, रेनेसाँ शैलीचा आदर्श मानला जाणारा सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार; शिष्य योसेफुस म्हणजे खुद्द फुक्स. दिलेली सुरावट अकरा स्वरांची. आपल्या सरगमीत मांडली तर : सा ग रे सा म ग प म ग रे सा, गंधार कोमल. योसेफुस तिच्या खाली दुसरा आवाज लिहितो आणि पहिल्याच स्वराला घसरतो. सुरुवातीच्या ‘सा’पासून खाली पंचमाच्या अंतरावरचा स्वर घेतल्याने त्याची सुरावट भलत्याच मोडमध्ये, म्हणजे थाटासारख्या वेगळ्या स्वरचौकटीत, सुरू होते. गुरू लगेच टोकतो.

हेच पुस्तक संगीतकार हायडन स्वतः घोकून शिकला आणि १७९२नंतर बेथोव्हेनला त्याने त्यावरच बसवलं. बेथोव्हेनचे तेव्हाचे सुमारे २४५ स्वाध्याय उरले आहेत; हायडनच्या दुरुस्त्या त्यांतल्या जेमतेम ४२वर. बाकीच्यांत चुका तशाच राहिल्या. गुरू कितीही मोठा असो, वही आपली आपणच तपासलेली बरी!

पण तपासायची कशाशी ताडून? पालेस्त्रिना वारला १५९४ मध्ये. फुक्सचं पुस्तक त्यानंतर १३१ वर्षांनी आलं. त्याच्या नियमांत त्याच्या स्वतःच्या काळाचं बरंच काही मिसळलेलं आहे. १९२०च्या दशकात डेन्मार्कच्या क्नुड येपेसेनने पालेस्त्रिनाच्या मूळ रचनाच बारकाईने चाळल्या, विसंवादी स्वर कुठे येतात आणि संवादी स्वरावर कसे सुटतात ते नोंदवलं. क्वार्टर नोट्सच्या, म्हणजे छोट्या कालावधीच्या स्वरांच्या ओळीत आघाताच्या स्वरावरून वर उडी मारणं पालेस्त्रिना टाळतो, असं त्याला आढळलं. असली गोष्ट फुक्स वाचून कळत नाही.

त्यामुळे फुक्सच्या कसोटीवर निर्दोष ठरलेल्या ओळीवर येपेसेन वाचल्यावर फुली पडू शकते. माझ्या वहीत तर दोन रंगांच्या फुल्या आहेत. लालपेक्षा निळ्या जास्त, आणि निळ्या येपेसेनच्या.