थंडीत पहाटेची हवा सर्वांत शुद्ध?

‘पहाटे झाडं भरपूर ऑक्सिजन सोडतात, म्हणून मुलांना सहालाच फिरायला न्या,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो, ते अंधारात होत नाही. शिवाय हवेतला ऑक्सिजन दिवसरात्र सुमारे २१ टक्केच असतो.

पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत उलटंच घडतं. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, गाड्या यांचा धूर खालीच कोंडतो. ऊन पडून जमीन तापली की हे झाकण हळूहळू उघडतं.

म्हणून नऊ ते साडेदहा ही वेळ बरी. निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा गुणवत्ता निर्देशांक (आकडा जितका मोठा, तितकी हवा खराब) पाहावा. दोनशेच्या वर असेल तर घरातच खेळ. लहान मूल मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं आणि बाबागाडीत त्याचं नाक गाड्यांच्या धुराच्या उंचीला येतं, त्यामुळे हमरस्ता टाळून आतली गल्ली किंवा बाग धरावी.

एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ थर घाला. मानेमागे हात लावा: घाम असेल तर एक काढा. (गार हात-नाक पाहून गुंडाळत सुटू नका.)

सोबत कुत्रा असेल, तर त्याचं नाक जमिनीलाच असतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धुरकट हवेत पळवू नये. विझल्यासारख्या दिसणाऱ्या शेकोटीच्या राखेत निखारे असतात. तिथं पट्टा आखूड धरा.