गाडी चालवताना मोबाईल वापरल्याचं चलान आलं, आता पुढे काय?

हेल्मेट आणि कानाच्या मधे मोबाईल खोचून, मान तिरपी करून बोलत जाणारे दुचाकीस्वार रोज दिसतात. पोलिसांनी अडवलं की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, हातात कुठे धरलाय?’

हा बचाव करण्याआधी कायदा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून, गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं हा धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार म्हणून थेट लिहिलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये दंड, २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १८४ खालचा फक्त मोबाईलचाच गुन्हा कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क भरून मिटतो. शुल्क किती, ते राज्य सरकार ठरवतं. मोबाईल हातात नव्हता, पण गाडी बेफिकिरीने चालवत होता असं ठरलं, तर ते प्रकरण पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जातं. म्हणून ‘हातात नव्हता’ हा वाद जिंकूनही माणूस जास्त अडकू शकतो.

रस्ता पाहण्यासाठी मोबाईल वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत परवानगी आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. पत्ता टाकायचा तो निघण्याआधी, मोबाईल स्टँडला लावून. चालत्या गाडीत नकाशा बोटाने सरकवत बसणं या सवलतीत बसत नाही.

लायसन्सचं मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. कलम २०६ प्रमाणे पोलीस तुमचं लायसन्स ताब्यात घेऊन निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवू शकतात. त्याची पोचपावती मागून घ्याच. पण लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. आरटीओला निर्णयाआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, त्यामुळे नोटीस आली की तारखेला हजर राहा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच या गुन्ह्यासाठी किमान ३ महिने निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले होते. ज्याचं पोट गाडीवर चालतं, त्याच्यासाठी हे ३ महिने दंडापेक्षा कितीतरी महाग आहेत.

महाराष्ट्रात ई-चलान पाहायचं तर महाट्रॅफिक ॲप किंवा वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाका. पैसे भरण्याआधी फोटो उघडा. नंबरप्लेट, गाडीचा रंग, मॉडेल, ठिकाण आणि वेळ एकेक करून तपासा. चूक तुमचीच असेल तर तिथेच ऑनलाइन भरून पावती जपून ठेवा. गाडी तुमची नसेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. आरसी, तुमच्या गाडीचा नंबरप्लेटसह स्पष्ट फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा (पार्किंगची किंवा टोलची पावती चालते) हाताशी ठेवा. तक्रार फेटाळली गेली तरी कोर्टात दाद मागण्याचा मार्ग उरतो. गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव-पत्ता देणं मालकाला बंधनकारक आहे.

माझ्या मामांनी जुनी स्कूटर विकली, पैसे घेतले, चावी दिली, पण फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) आरटीओत दिलाच नाही. काही महिन्यांनी त्यांच्या मोबाईलवर चलान आलं. फोटोत एक अनोळखी पोरगा, डावा हात कानाशी, उजवा ॲक्सिलरेटरवर, आणि नंबर मामांचा! आरटीओच्या नोंदीत मालक तेच, त्यामुळे खुलासा करायची धावपळ त्यांच्याच गळ्यात पडली. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० (मालकी बदलण्याचा अर्ज) भरून, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घेऊन, जमलं तर त्याला सोबत घेऊनच जा. आधीची चलानं थकलेली असतील तर हस्तांतरण अडतं, म्हणून ती आधी भरा.

आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलान’ म्हणून एखादी एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर ती उघडूच नका. त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत. चलान खरं की खोटं, ते अधिकृत ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा.