डॉक्टरांना माहीत असतं, तरी लिहिलं जातं

साध्या सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे डॉक्टरांना कोणी शिकवायला नको. आजार विषाणूंचा, औषध जिवाणूंवरचं. तरीही ते सर्रास लिहून दिलं जातं. अशा वेळी आणखी एक मार्गदर्शिका छापायची नि कार्यशाळा घ्यायची, हा उपाय मला भाबडाच वाटतो. घोडं अडतं ते पेशंट समोर बसलेला असताना.

मुलांच्या डॉक्टरांची एक अमेरिकी पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरांना वाटलं, तर विषाणूजन्य आजारातही ६२ टक्के वेळा ते दिलं गेलं. तसं वाटलं नाही तेव्हा फक्त ७ टक्के. पालकांना खरोखर काय हवं होतं, त्याने मात्र फारसा फरक पडला नव्हता!

मग सवय मोडायची कशी? बॉस्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या ४७ दवाखान्यांत झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी गरज नसताना अँटिबायोटिक लिहायला घेतलं, की संगणकावर एक चौकट उघडे: कारण लिहा. लिहिलेलं कारण थेट पेशंटच्या नोंदीत जाई. जागा मोकळी सोडली, तर तिथे ‘कारण दिलेले नाही’ असं उमटे. बंदी कसलीच नव्हती. डॉक्टर हवं ते लिहायला मोकळे होते. पण आपल्या नावाखाली असला शेरा कोणाला रुचणार? १८ महिन्यांत अनावश्यक अँटिबायोटिकचं प्रमाण २३.२ वरून ५.२ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटाला दर महिन्याला ईमेल जाई: तुम्ही सर्वोत्तम डॉक्टरांत आहात, किंवा नाही. तिथे १९.९ वरून ३.७.

ज्यांच्या बाबतीत यातलं काहीच केलं नव्हतं, त्यांचंही प्रमाण २४.१ वरून १३.१ वर उतरलं, हे विसरून चालणार नाही. आपल्यावर नजर आहे म्हटल्यावर माणूस जरा सांभाळूनच वागतो, हेही त्यामागचं एक कारण असू शकेल. त्यामुळे सगळी घट चौकटीच्या किंवा ईमेलच्या खात्यावर टाकता येत नाही.

प्रयोग थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजदाद झाली. चौकटवाल्या गटाचं प्रमाण १०.२ टक्क्यांपर्यंत परत चढलं होतं. ईमेलवाल्यांचंही वाढलं, पण ६.३ पर्यंतच. ‘मी विचार करून औषध देणारा डॉक्टर’ ही ओळख एकदा अंगवळणी पडली, की ईमेल बंद झाल्यावरही ती काही काळ टिकत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.