रामापिथेकसचा जबडा आणि मधली मोकळी जागा

मानवाच्या वंशावळीत रामापिथेकस या नामशेष कपीचे (बिनशेपटीच्या, माणसाजवळच्या वानराचे) नाव जुन्या पाठ्यपुस्तकांत हमखास असे. ते आले कुठून आणि गळले कसे, हे पाहायचे तर हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांपासून सुरुवात करावी लागते.

1932 साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या तरुण संशोधकाला हरितल्यांगरजवळ, म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशात, वरच्या जबड्याचा उजवीकडचा तुकडा सापडला. मोजक्याच दाढा असलेला, मुठीत मावेल एवढा. 1934 मध्ये त्याने त्याला रामाचे नाव दिले, रामापिथेकस. याच टेकड्यांतला सिवापिथेकस हा दुसरा कपी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी 1910 मध्येच नोंदवला होता. हे दोन वेगळे कपी आहेत, असेच मानले गेले.

रामापिथेकस माणसाच्या जवळचा आहे, हा लुईसचा दावा पंचवीसेक वर्षे पडूनच होता. 1961 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक एल्विन सायमन्स यांनी तो उचलून धरला. आखूड तोंड, लहान सुळे, दाढांवर जाड एनॅमल ही लक्षणे त्यांना माणसाकडे झुकणारी वाटली. सगळ्यात वजन होते ते दातांच्या कमानीला. कपींच्या दाढांच्या रांगा साधारण समांतर असतात, माणसाच्या मागे फाकत जातात. आणि नेमका इथेच घोळ होता. तुकड्यात जबड्याची मध्यरेषाच नव्हती. उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा डावीकडे ठेवून कमान पुरी केली गेली. दोन्हींत अंतर किती सोडायचे, हे हाडावरून ठरण्यासारखे नव्हते. मला या साऱ्या प्रकरणात ही मोकळी जागाच सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे अपेक्षा जाऊन बसली, आणि सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा कपी आपला पूर्वज ठरला.

पहिला धक्का रक्ताने दिला. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासले. माणसाचे अल्ब्युमिन सशाला टोचायचे, त्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे चिंपांझीच्या अल्ब्युमिनला किती जोराने धरतात ते मोजायचे. पकड जितकी घट्ट, नाते तितके जवळचे. 1967 मध्ये त्यांनी मांडले की माणूस आणि आफ्रिकी कपी यांच्या वाटा फुटून जेमतेम 50 लाख वर्षे झाली आहेत. मग 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी मानवाची शाखा असणार कशी? जीवाश्मांच्या अभ्यासकांनी बरीच वर्षे हे मानले नाही.

अखेर हाडांनीच निकाल दिला. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर मिळालेल्या रामापिथेकसच्या खालच्या जबड्याला मध्यरेषा होती, आणि त्याची कमान माणसासारखी गोलसर नव्हती, पुढे निमुळती होत गेलेली होती. 1982 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक डेव्हिड पिलबीम यांनी सिवापिथेकसचा चेहरा प्रसिद्ध केला. उभट, एकमेकींजवळ आलेल्या डोळ्यांच्या खोबणी आणि आत दबलेला चेहरा, थेट ओरांगउटान या आशियाई कपीसारखा. रामापिथेकसला पूर्वज म्हणून पुढे आणणाऱ्यांत पिलबीम स्वतः होते. त्यांनी उघडपणे मत बदलले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मानवाच्या मुळांचा शोध त्यानंतर आफ्रिकेवर एकवटला. तिथे चाड देशात 2001 मध्ये मिळालेली, मानवाच्या शाखेतली मानली जाणारी साहेलॲन्थ्रोपसची कवटी सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीची आहे. शिवालिकचा रामापिथेकस हा लहान आकाराचा सिवापिथेकसच, बहुधा त्याची मादी, असे ठरले. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव टिकते, म्हणून सिवापिथेकस राहिले.