डेटाबेस इन्स्टन्सची स्थिती कमांडने तपासणे

सर्व्हरवर डेटाबेसची प्रक्रिया (म्हणजेच इन्स्टन्स) चालू आहे का, ती जोडणी घेते का आणि कोणत्या सेटिंगवर चालते, हे टर्मिनलमध्ये कमांड देऊन पाहण्याची पद्धत. या नोंदीत पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसची साधने घेतली आहेत. कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावीत.

हिंगणघाट, वणी, अकोट या कापूसपट्ट्यातील जिनिंगमध्ये वजनकाट्याचा संगणक आणि ऑफिसातील सर्व्हर वेगळे असतात. हंगामात लाइन गेली, काटा अडला, की फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. अशा वेळी सर्व्हर सरसकट बंद-चालू करण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहणे फार महत्त्वाचे असते, कारण घाईच्या रीस्टार्टने दहा मिनिटांचे काम तासाभराचे होऊ शकते.

पहिली कमांड पीजी_इजरेडी. ती २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून मिळते. तिला पासवर्ड लागत नाही आणि मुळात ती ३ सेकंद वाट पाहते. तिचे उत्तर एक्झिट कोडमध्येही, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते त्या आकड्यातही, येते: ० म्हणजे सर्व्हर जोडणी घेतो, १ म्हणजे सर्व्हर जागा आहे पण जोडणी नाकारतो, २ म्हणजे उत्तरच नाही, ३ म्हणजे कमांडच चुकीची दिल्यामुळे प्रयत्न झाला नाही.

ही कमांड दोन ठिकाणांहून द्यावी: आधी सर्व्हरवर, मग काट्याच्या संगणकावरून, सर्व्हरचा पत्ता आणि ५४३२ हा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) देऊन. सर्व्हरवर ० आणि काट्यावर २ आले तर डेटाबेस शाबूत आहे, खोट वाटेत आहे. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर साध्या लाइनीवर असेल तर हे घडू शकते. राउटर पुन्हा सुरू होताना सर्व्हरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो आणि मग काटा जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. सर्व्हरला कायमचा पत्ता बांधून देणे हा त्यावर उपाय. नवीन बसवलेल्या सर्व्हरवर मात्र लिसन_अॅड्रेसेस हे सेटिंग तपासावे. ते मुळात फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच संगणकापुरते) असते, म्हणून बाहेरच्या संगणकाला उत्तर मिळत नाही.

लाइन अचानक गेल्यानंतर सर्व्हर सुरू होताना कोड १ दिसतो. तेव्हा शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या (बदल डेटा फाइलींत पक्के लिहिल्याच्या टप्प्यापासूनच्या) वॅल नोंदी, म्हणजे बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंदवही, पुन्हा लावल्या जात असतात. हे काम होऊ द्यावे. मध्येच बंद केले तर वेळ वाया जातो. चेकपॉइंटचे मूळ अंतर ५ मिनिटांचे असते, त्यामुळे जिनिंगएवढ्या डेटाला सहसा थोडाच वेळ पुरतो.

० हे उत्तरही पुरेसे नाही. मॅक्स_कनेक्शन्स या सेटिंगची, म्हणजे एकावेळच्या जोडण्यांची, मूळ मर्यादा १०० आहे, त्यांपैकी ३ सुपरयूझरसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखीव असतात. मर्यादा भरली तरी पीजी_इजरेडी ० च सांगते. खरी खात्री पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड साधनातून ‘सिलेक्ट १’ चालवल्यावरच होते.

उबुंटू आणि डेबियनवर आणखी एक फसगत आहे. सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल ‘अॅक्टिव्ह (एक्झिटेड)’ दाखवते. ही केवळ वरची सर्व्हिस आहे; खालचा क्लस्टर (डेबियनमध्ये एका इन्स्टन्सचे नाव) बंद असला तरी ती हिरवीच दिसते. त्यासाठी पीजी_एलएसक्लस्टर्स वापरावी. ती आवृत्ती, पोर्ट, स्थिती, डेटा फोल्डर आणि लॉग एका ओळीत देते. आवृत्ती बदलताना दुसरा क्लस्टर ५४३३ वर बसतो आणि प्रोग्राम जुन्या पोर्टवर जातो, ही गफलत इथेच उघड होते.

इन्स्टन्स बंद असेल तर पीजी_कंट्रोलडेटा डेटा फोल्डर वाचून शेवटची स्थिती सांगते. फोल्डर पोस्टग्रेस वापरकर्त्याच्या मालकीचे असल्याने कमांड त्याच्या नावाने द्यावी. पीजी_सीटीएल स्टेटस ‘सर्व्हर चालू नाही’ म्हणते (कोड ३) आणि पीजी_कंट्रोलडेटा मात्र ‘इन प्रॉडक्शन’ दाखवते, तर ते परस्परविरोधी नाही: सर्व्हर नीट बंद न होता पडला, म्हणून बंद झाल्याची नोंद व्हायचीच राहिली.

इन्स्टन्स कोणत्या सेटिंगवर चालतो ते पाहण्यासाठी पीएसक्यूएलमध्ये ‘शो’ पुढे सेटिंगचे नाव द्यावे. ‘सिलेक्ट’ पुढे पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम हे फंक्शन दिले की सर्व्हर केव्हा सुरू झाला ते कळते. लाइन दुपारी १२ ला गेली आणि लॉगमध्ये ६.३० दिसले, तर लॉग_टाइमझोन हे सेटिंग यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) आहे. डिस्क भरल्यानेही इन्स्टन्स पडतो. डीएफ -एच या कमांडने मोकळी जागा पाहावी. वॅलच्या १६ एमबीच्या फाइली जागा करण्यासाठी हाताने पुसू नयेत, त्याने डेटा कायमचा बिघडू शकतो. जुने बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलवून जागा करावी आणि मगच इन्स्टन्स सुरू करावा.