फारियांच्या एकाच पुस्तकाचा हिशेब

प्राध्यापकाची नेमणूक असो की संशोधनाचं अनुदान, अर्जदाराचा एच-इंडेक्स किती हे आज विचारलं जातंच. मनोविकारशास्त्रात आणि मेंदूविज्ञानातही विचारलं जातं. या आकड्याचं वय मात्र कोवळं आहे. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. ज्याच्या 20 लेखांचा प्रत्येकी निदान 20 वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा एच-इंडेक्स 20.

त्याआधीचा इम्पॅक्ट फॅक्टर युजीन गारफिल्ड यांच्या कामातून आला. कोणत्या लेखाचा संदर्भ पुढे कोणी दिला हे शोधता यावं, म्हणून त्यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकासाठी आहे: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, मिळाली. नियतकालिकाचं हे माप पुढे माणसांना लावलं जाऊ लागलं, आणि माझ्या मते घोळ तिथेच झाला.

दोन वर्षं! गोव्यातल्या माणसाला हे वाचताना कांदोळीचे जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणारे धर्मगुरू, आपले आबे फारिया, आठवल्याशिवाय राहत नाहीत. जन्म 1756. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्यांची वाचा बसली, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, 'कातर रे भाजी', आणि जीभ सुटली. ही आख्यायिका आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण एका वाक्याने मन कसं पालटतं याचं इतकं नेमकं उदाहरण त्यांच्याच नावाशी जोडलं गेलं, याचं मला फार नवल वाटतं.

1813 पासून पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे, म्हणजे माणसाला झोपेसारख्या अवस्थेत नेण्याचे, जाहीर प्रयोग सुरू केले. त्यांच्या आधीचा वैद्य मेस्मर याच्या अनुयायांचं म्हणणं होतं की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरच्याला झोप लागते. फारियांनी ते साफ नाकारलं. झोपेचं कारण झोपणाऱ्याच्या मनात आहे, त्याच्या एकाग्रतेत आणि विश्वासात आहे, असं ते सांगत. 1816 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारं नाटक आलं. 1819 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते वारले. योजना अनेक खंडांची होती, छापून आला एकच. एका पुस्तकाचा एच-इंडेक्स 1 च्या वर जाणं गणितानेच अशक्य.

सूचनेची, म्हणजे शब्दांनी समोरच्याच्या मनावर परिणाम होतो ही, कल्पना उचलली गेली ती पुढच्या पिढ्यांत. 1880 च्या दशकात फ्रान्समधल्या नान्सी शहरातले डॉक्टर बर्नहाइम यांनी सूचनेवर उपचारपद्धती उभी केली आणि फारियांचं श्रेय मान्य केलं. 1906 मध्ये गोव्याचे डॉ. दाल्गादो यांनी पॅरिसमधून फारियांचं चरित्र प्रसिद्ध केलं. 1925 मध्ये एगास मोनिझ यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं; हेच मोनिझ 1949 चे नोबेल विजेते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पुतळा 1945 चा. आणि 1997 मध्ये पिअर रेनविल व सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की संमोहनातल्या सूचनेने वेदनेचा त्रास कमी-जास्त केला, की त्याबरोबर मेंदूच्या सिंग्युलेट भागातली हालचालही बदलते. पुस्तकानंतर 178 वर्षांनी.

या मातीतून निघालेलं दुसरं मोठं काम अगदी अलीकडचं. 1996 मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगथ' स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच असतील, तर गावातल्याच पदवीधर बायकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रात नैराश्यावर उपचार करता येतील का, हा त्यांच्या 'मानस' चाचणीचा प्रश्न. निष्कर्ष 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. हे काम जगभर उद्धृत झालं, आकड्यांच्या कसोटीवरही उतरलं. पण त्याच लेखात असंही होतं की सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण अधिक बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. गोव्यातल्या रुग्णाला आणि आरोग्य खात्याला सर्वांत उपयोगाचं वाक्य ते होतं. सायटेशनच्या संख्येत ते कुठेच दिसत नाही, कारण संख्या फक्त लेखाचं नाव किती वेळा आलं तेवढंच सांगते.

संशोधकांनाही हे खुपत होतं. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्यांनी जाहीरनामा काढला: माणसाचं काम नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका.

'संगथ'ची पुढची चाचणी 2017 ची, गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी फरक दिसला तेवढ्यावर ती मंडळी थांबली नाहीत. वर्षाने त्याच रुग्णांना पुन्हा गाठलं, आणि फरक टिकून होता.