मोटारीच्या रंगकामाचा अंदाज

अपघातात किंवा घासाघाशीत खराब झालेल्या मोटारीला पुन्हा रंग देण्यासाठी किती मजुरी आणि साहित्य लागेल, याचा काम सुरू होण्यापूर्वी केलेला हिशेब. गॅरेजमध्ये याला नुसते ‘एस्टिमेट’ म्हणतात. भारतात हा हिशेब बहुतेक ठिकाणी पॅनलवर चालतो. दार, फेंडर, बॉनेट, बंपर हे एकेक पॅनल, आणि प्रत्येकाचा दर ठरलेला. ओरखडा बोटभर असला तरी पैसे पूर्ण पॅनलचे का, हा गाडीमालकाचा नेहमीचा प्रश्न. वरचा पारदर्शक क्लिअर कोट पॅनलच्या मधोमध थांबवला, तर कालांतराने तिथे कड दिसू लागते. म्हणून तो पत्र्याच्या जोडापर्यंत न्यावा लागतो. मागच्या क्वार्टर पॅनलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्याला, अनेक गाड्यांत छताकडे असा जोडच नसतो आणि तिथे अंदाज फसतो.

प्रत्यक्ष फवारणी थोड्या वेळाची. मजुरी जाते ती तयारीत: ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुट्टी, घासणे, प्रायमर, पुन्हा वॉटर पेपरने घासणे, मास्किंग म्हणजे न रंगवायचा भाग झाकणे. त्यानंतर बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण 60 अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजणी आणि शेवटी पॉलिश. नव्या पत्र्याला पुट्टी लागत नाही, पण त्याच्या आतल्या कडाही रंगवाव्या लागतात. ‘नवीन टाकलं की रंग स्वस्त’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा.

सर्वांत नडतो तो चंदेरी रंग. त्यातले ॲल्युमिनियमचे कण फवारणीच्या गनचा दाब आणि थिनरप्रमाणे वेगळे बसतात, आणि रंगाचा कोड तोच असूनही शेड फरक दाखवते. मग शेजारच्या चांगल्या पॅनलवरही रंग विरळ करत न्यावा लागतो; हे ब्लेंडिंग.

अमेरिकेत पॅनलऐवजी तास मोजतात, तेही तासाच्या दहाव्या भागापर्यंत. तिथल्या संगणकीय प्रणालींमधले रंगाचे तास नव्या, धड पत्र्यासाठीचे असतात. पुट्टीनंतरची घासाघाशी वेगळी मांडावी लागते. ब्लेंडिंगला या प्रणाली वर्षानुवर्षे पूर्ण रंगाच्या निम्मा वेळ देत. सोसायटी ऑफ कोलिजन रिपेअर स्पेशलिस्ट्स या संघटनेने 2022 मध्ये प्रत्यक्ष काम मोजून पाहिले, तेव्हा ब्लेंडिंगला पूर्ण रंगापेक्षाही जास्त वेळ लागल्याचे दिसले. रंगाऱ्यांना यात नवल वाटले नसावे.

भारतात विमा असेल तर बिलाची मांडणीही महत्त्वाची ठरते. मोटार विम्याच्या नियमाप्रमाणे रंगाच्या फक्त साहित्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात. मजुरी आणि साहित्य मिळून एकच आकडा दिला असेल, तर त्यातले 25 टक्के साहित्य धरतात. म्हणजे 12,000 रुपयांच्या एकत्रित बिलात साहित्य 3,000 आणि कपात 1,500 रुपये. त्याच बिलात साहित्य वेगळे 5,000 दाखवले, तर कपात 2,500 वर जाते. ‘झिरो डेप’ हे घसारा न कापणारे जादा कवच घेतलेल्या मालकाची ही कपात वाचते. सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातली मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, मात्र त्यालाही भरावी लागते.